अर्धा अंश तापमान आणि थांबलेली पावले

सकाळी जिना चढून गेलेली व्यक्ती दुपारी व्हीलचेअर मागते, तेव्हा भोवतालच्यांना पहिली शंका येते ती ढोंगाची. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या माणसांना हा संशय आजाराइतकाच जाचतो. तो किती निराधार आहे, हे त्यांच्या चेतातंतूंचे भौतिकशास्त्रच सांगते.

या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता यांतील तंतूंभोवतीचे मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे वेष्टन नष्ट करते. हे वेष्टन शाबूत असते तेव्हा विद्युत आवेग एका रॅन्व्हिये-संधीवरून (वेष्टनातील छोट्या उघड्या फटीवरून) दुसऱ्या संधीवर झेपावत जातो आणि पुढची संधी उद्दीपित करण्यासाठी लागणाऱ्या प्रवाहाच्या सुमारे ५ ते ७ पट प्रवाह तिला मिळतो. वेष्टन विरले की प्रवाह वाटेतच गळतो, ही शिल्लक जवळजवळ संपते आणि आवेग कसाबसा पुढे सरकतो.

आता तापमानाचा भाग येतो, आणि मला तो या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटतो. संधीवरचे सोडियम-मार्ग, म्हणजे सोडियमचे विद्युतभारित कण तंतूत शिरू देणारी सूक्ष्म द्वारे, उघडले की आवेग सुरू होतो. ते मिटले आणि पोटॅशियम-मार्ग उघडले की तो ओसरतो. ऊब वाढली की या सर्वच क्रिया वेगावतात, पण सोडियम-मार्ग मिटण्याची क्रिया उघडण्याच्या क्रियेपेक्षा अधिक वेगावते. परिणामी आवेग लवकर आटोपतो आणि पुढच्या संधीला कमी विद्युतभार मिळतो. निरोगी तंतूला ही घट जाणवतही नाही. मायलिन गमावलेल्या तंतूत मात्र आवेग तिथेच थांबतो. शरीराचे तापमान अर्धा अंश सेल्सिअसने वाढले तरी असे घडू शकते, आणि प्रकृती उत्तम असतानाही ते पहाटेपेक्षा दुपारनंतर जवळजवळ तेवढे वाढलेले असते. श्रमानंतर दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते.

शरीर निवले की तोच तंतू पुन्हा आवेग वाहू लागतो. दुर्दैवाने अशा वेळी गंडेदोरे किंवा ‘नसा मोकळ्या करणारी’ महागडी तेले हाताशी असतात आणि विश्रांतीने आलेल्या आरामाचे श्रेय त्यांच्या पदरात पडते.

उष्णतेने येणारा हा अशक्तपणा म्हणजे नवी इजा नव्हे. म्हणूनच घाम येईल या भीतीने व्यायाम सोडण्याचे कारण नाही; आधी आणि मधूनमधून थंड पाणी पिणे, शीतक जाकीट घालणे आणि जड कामे सकाळी उरकणे यांनी बरेच साधते. दुपारी व्हीलचेअर वापरणे हा याच हिशेबाचा भाग आहे. त्यात हार मानण्यासारखे काही नाही. पोटॅशियम-मार्ग अडवून आवेग लांबवणारे ४-अमिनोपिरिडीन हे औषध काहींची चाल सुधारते, परंतु ते मायलिन परत आणत नाही आणि मात्रा वाढल्यास फेफऱ्याचे झटके येऊ शकतात, त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. शरीर निवूनही नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर मात्र उष्णतेवर खापर न फोडता डॉक्टरांना कळवावे.