बॅटच्या आधी हेल्मेट

क्रिकेटची उन्हाळी शिबिरं जवळ आली की पुण्यात खेळाच्या दुकानांत पालकांची गर्दी होते. बॅट निवडण्यात तास जातो, पॅड-ग्लोव्हज पटकन घेतले जातात आणि काटकसर होते ती नेमकी हेल्मेटवर. ‘दादाचं आहे ना घरात!’ या काटकसरीची मला खरोखर धास्ती वाटते.

सीझन बॉलचं, म्हणजे चामड्याच्या कडक चेंडूचं, वजन साधारण १५६ ते १६३ ग्रॅम. १३ वर्षांखालच्या मुलांचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा. मोठा चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने आला, तर त्यात सुमारे ६० ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचं वजन सहा मीटर उंचीवरून डोक्यात पडावं, एवढी. ती गायब करता येत नाही. चेंडू थांबायला लागणारा वेळ वाढवायचा आणि धक्का मोठ्या भागावर पसरवायचा, एवढंच हातात असतं. वेळ दुप्पट झाला की सरासरी बल निम्मं होतं. पॅड, ग्लोव्हज, थायपॅड याच तत्त्वावर चालतात. एल गार्ड, म्हणजे जांघेतलं संरक्षक कवच, तर नेटमध्येही हवाच; त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हेल्मेटचं कडक कवच धक्का पसरवतं आणि आतला फोम दबत जाऊन तो झेलतो. अनेक हेल्मेटांत हा फोम थर्मोकोलच्या जातीचा असतो. त्यातल्या हवेच्या बारीक पेशी एकदा चिरडल्या की पुन्हा फुगत नाहीत. म्हणून जोराचा चेंडू बसलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं, तरी बदलावंच लागतं. दादाच्या हेल्मेटनं किती मार खाल्लाय, हे नुसतं बघून कळत नाही.

चेहऱ्यासमोरची जाळीही नुसती बघून पारखता येत नाही. बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश मानकात चेंडू जाळी आणि कपाळावरची पुढे आलेली कड यांच्यामधल्या फटीतून आत शिरतो का, हे तपासतात. मुलांच्या हेल्मेटसाठी लहान चेंडू वापरून. मोठ्यांचं हेल्मेट मुलाला देऊ नये, त्याचं हे आणखी एक कारण.

२०१४ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याला चेंडू लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेवर. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा झाली आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर मानेचे गार्ड आले. ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून वेगवान गोलंदाजीसमोर ते सक्तीचे केले.

दुकानात पट्टा आवळून मुलाला मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट डोळ्यांवर घसरलं, तर एक माप लहान मागा आणि मानेचा गार्ड तिथेच बसवून घ्या.