कॅलिपर कोटिंगला आणण्याआधी: पिस्टन गाडीवरच बाहेर काढा

कॅलिपर (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) घरी उतरवून आमच्याकडे पावडर कोटिंगला, म्हणजे भट्टीत पिकवायच्या रंगाला, आणणारे बहुतेक ग्राहक ब्रेक पॅड स्वतः बदलणारेच असतात. त्यामुळे चाक कसं काढायचं, कॅलिपर धरून ठेवणारे पिन बोल्ट कुठे असतात, हे इथे सांगत बसत नाही. हे पत्रक छापलं ते एकाच अडचणीसाठी. कॅलिपर गाडीवरून सुटून येतो, पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) मात्र आतच रुतलेला असतो आणि त्याच्या कडेवर पकडीचे दात उमटलेले असतात.

असं का होतं ते सरळ आहे. घरी आधी बॅन्जो बोल्ट (ब्रेकचा रबरी पाइप, म्हणजे होज, कॅलिपरला जोडणारा बोल्ट) सोडला जातो, ब्रेक ऑईल गळून जातं, कॅलिपर टेबलावर येतो आणि मग पिस्टनची आठवण होते. पिस्टन ढकलायचं सगळ्यात ताकदवान हत्यार म्हणजे तुमच्या गाडीचं ब्रेक पेडल. बॅन्जो सुटला की ते गेलं. मग स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, शेवटी पंक्चरवाल्याकडची हवा.

हिशेबच मांडून दाखवतो. लहान-मध्यम गाडीच्या पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमी व्यासाचा धरा. कंप्रेसरची हवा ७ बार असली तर त्या पिस्टनवर साधारण १६० किलोचा जोर पडतो. तेच पेडलवर पायाने ३० किलो दाब दिला, पेडलची लिव्हर चौपट धरली आणि मास्टर सिलिंडर (पेडलमागे ब्रेक ऑईल दाबणारा सिलिंडर) २०.६ मिमीचा, तर इंजिन बंद असतानासुद्धा पिस्टनवर ८०० किलोच्या आसपास जोर येतो. म्हणजे पाचपट. त्यातही हवा दाबली जाते आणि सुटली की उसळते. अडकलेला पिस्टन हवेने सुटला तर तो गोळीसारखा येतो, आणि बोट मध्ये असेल तर बोट जातं. ब्रेक ऑईल दाबलं जात नाही, त्यामुळे पेडल सरकेल त्या प्रमाणातच पिस्टन सरकतो. पाय थांबला की तोही थांबतो.

घरी कसं करायचं

दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक कॅलिपरपाशी. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना विटा, पुढची बाजू घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत उरका. नागपूरच्या उन्हात दुपारी पाना हातात धरवत नाही, आणि घाईत निप्पल मोडतो.

सगळ्यात आधी, कॅलिपर जागेवर घट्ट बसलेला असतानाच, ब्लीडर निप्पल (कॅलिपरमधली हवा काढायचा छोटा बोल्ट) पाव आटा ढिला करून लगेच परत बंद करा. सुटा झालेला कॅलिपर हातात किंवा व्हाइसमध्ये धरून जाम झालेला निप्पल सोडवणं फार अवघड. यासाठी सहा कोनांचा गोटी पाना किंवा रिंग पाना वापरा. उघड्या तोंडाच्या पान्याने निप्पलचे कोपरे गोल होतात आणि पुढचं काम ड्रिलवर जातं. हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. तरीही नाही हलला तर तसाच आणा. आमच्याकडे गरम करून निघतो, आणि मोडलेला निप्पल काढण्यापेक्षा न मोडलेला काढणं स्वस्त पडतं.

आता पिन बोल्ट काढा, कॅलिपर डिस्कवरून उचला, पॅड बाजूला ठेवा. पॅडला ब्रेक ऑईल लागलं की ते बाद. होज तसाच जोडलेला ठेवा, पण कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टनसमोर लाकडाची पट्टी ठेवा. आधी जाड, मग हळूहळू पातळ, म्हणजे पिस्टन एका झटक्यात पडणार नाही. पेडलवरच्या माणसाने अर्धा स्ट्रोक, सावकाश. पूर्ण जमिनीपर्यंत दाबू नका. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोजच्या वापरात न घासला जाणारा भाग गंजलेला असू शकतो, आणि त्यावरून सील गेलं की मास्टरही बसतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला तर हा धोकाच राहत नाही.

ब्रेक ऑईलच्या डब्यावर, म्हणजे रिझर्व्हॉयरवर, लक्ष हवं. ५४ मिमीचा पिस्टन ४० मिमी बाहेर आला की सुमारे ९० मिली ब्रेक ऑईल लागतं. दोन्ही बाजू मिळून जवळपास १८० मिली. रिझर्व्हॉयरची पातळी खाली जाऊन हवा ओढली गेली आणि गाडीत एबीएस असेल, तर ती हवा एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (दाब कमी-जास्त करणाऱ्या युनिटमध्ये) अडकू शकते आणि काढायला स्कॅनर लागतो. म्हणून अर्धा लिटरची नवी बाटली आधीच आणून ठेवा. डॉट ३ की डॉट ४, म्हणजे कुठल्या प्रतीचं ब्रेक ऑईल, ते झाकणावर लिहिलेलं असतं. आणि एक गोष्ट: आपल्याकडे सगळे त्याला ब्रेक ऑईल म्हणतात, पण ते तेल नाही, ग्लायकॉल आहे. इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिक तेल त्यात गेलं तर सगळी रबरं फुगतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटलीही नको, ती हवेतली ओल पिते. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो.

इथेच दुसरी चूक होते. दोन्ही कॅलिपर एकदम मोकळे करून पेडल दाबलं जातं. लाइनमधला दाब सगळीकडे सारखाच असल्याने ज्या बाजूचा पिस्टन हलका, तोच सरकत राहतो आणि घट्ट बसलेला जागचा हलत नाही. हलका बाहेर पडला की तेल सांडतं, दाब जातो आणि खरा अडकलेला आतच. म्हणून एक बाजू काठापर्यंत आणा, सुमारे ५ मिमी आत राहील इतकी, आणि तिथे लाकूड लावून सी-क्लॅम्पने अडवा. मगच दुसऱ्या बाजूकडे वळा. दोन्ही काठावर आले की बॅन्जो सोडा. त्यानंतर पिस्टन हाताने थोडा फिरवत ओढला की येतो.

बॅन्जो सोडण्याआधी पेडल दोन-तीन सेंटिमीटर दाबून काठीने सीटला टेकवून ठेवा. त्याने मास्टरमधलं रिझर्व्हॉयरचं बारीक भोक बंद होतं आणि रात्रभर तेल टपकत नाही. मात्र ब्रेक लाइट जळत राहतील, त्यामुळे त्यांचा फ्यूज काढा. सकाळी बॅटरी बसलेली सापडते ती याच कारणाने.

बॅन्जो आधीच सुटला असेल तर? कॅलिपर परत जोडा, निप्पल उघडून हवा काढा आणि वर सांगितलं तसं करा. अर्धा तास जास्त जातो, पण पिस्टन वाचतो. हे शक्य नसेल तर पकड लावू नका, आहे तसा आणा. पिस्टनच्या बाहेरच्या अंगावरच सील घासतं. तिथल्या क्रोमवर पकडीचा ओरखडा गेला की तिथूनच गळती. काही गाड्यांत पिस्टन फिनॉलिकचा, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या मालाचा असतो. त्याचा कपचा उडतो.

मागचे डिस्क कॅलिपर असतील तर थांबा. हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरला जात असेल, तर त्यातला पिस्टन आतल्या स्क्रूवर बसलेला असतो. पेडलने ढकलून तो पूर्ण निघत नाही, फिरवून काढावा लागतो, आणि आतली स्प्रिंग घरी उघडण्यासारखी नसते. ते अख्खे आणा. दोन तुकडे बोल्टने जोडलेले कॅलिपर असतील तर तेही उघडू नका.

रबर आत ठेवून का करत नाही

"भाऊ, वरच्यावर मारून द्या ना, आत हात कशाला लावता?" हे आम्हाला रोज ऐकावं लागतं. वरून स्प्रे मारून तासाभरात देणारे शहरात आहेत, आणि रंग चार महिने टिकला तरी चालेल अशी गाडी असेल तर त्यांच्याकडे जायला हरकत नाही. पावडर कोटिंग मात्र भट्टीत २०० अंशांच्या आसपास पिकतं. त्या तापमानात पिस्टनचं सील आणि धुळीचं बूट ठेवलं तर ते कडक होतं, आणि वरून दिसायला ठीक दिसतं, हेच जास्त वाईट. कॅलिपरमधलं चौकोनी सील गळती थांबवतं तसंच ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागेही खेचतं. ते कडक झालं की पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं, ॲव्हरेज पडतं. वर आत राहिलेलं ब्रेक ऑईल भट्टीत उकळून बाहेर येतं आणि कोटिंगला फोड येतात. त्यामुळे जुनं रबर आम्ही कधीच परत बसवत नाही, तुम्ही आग्रह केलात तरी. नवं सील किट तुम्ही आणा किंवा आम्ही मागवतो, पण नवंच.

पैसे जास्त का, तेही विचारतात. वेळ जातो झाकण्यात. एका थराची जाडी ६० ते ८० मायक्रॉन असते. सिलिंडर बोअर, सीलची खाच, बूटची जागा, बॅन्जो टेकतो ती सपाट बाजू, निप्पल बसतो ती जागा, पिनची भोकं, ब्रॅकेटवर (कॅलिपर ज्यावर बसतो तो सांगाडा) पॅडच्या क्लिप सरकतात त्या जागा, आणि ब्रॅकेट नकलला (चाकामागच्या लोखंडी भागाला) बोल्टने आवळला जातो ती जागा, हे सगळं कोरं राहिलं पाहिजे. शेवटच्याबद्दल लोक हसतात. पण बोल्टच्या जोडणीखाली रंग असला तर तो तापून दबतो आणि बोल्टचा ताण कमी होतो. पॅडच्या जागी कोटिंग गेलं तर पॅड अडकतात. ब्लास्टिंगलाही (कणांच्या माऱ्याने जुना रंग-गंज उडवायलाही) बोअरमध्ये रबरी बुच लागतं, आणि ॲल्युमिनियमचे कॅलिपर बारीक मालाने, वेगळ्या वेळी करतो. ओतीव लोखंड पावडर लावण्याआधी एकदा तापवून घेतो, म्हणजे छिद्रांतला वायू आधीच निघून जातो.

रंगाबद्दल एकच सल्ला. लाल, काळा, गनमेटल टिकतात. पांढरा आणि चकचकीत क्लिअर कोट काही काळाने पिवळसर पडतो. चिखलदऱ्याच्या घाटात ब्रेकवर गाडी उतरवणाऱ्यांना आम्ही तो देत नाही.

परत बसवताना

जोडून देणं हवं असेल तर आम्ही सील, बूट आणि पिस्टनसह देतो. स्वतः जोडणार असाल तर सील ताज्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवून, पीळ न पडता खाचेत बसवा आणि पिस्टन अंगठ्यांनी सरळ दाबा. हातोडी लागत असेल तर तो तिरका गेला आहे, बाहेर काढा. पिस्टनवर नखाला अडकेल असा खड्डा असेल तर तो पिस्टन बदला, घासून चालत नाही. पिनांना सिलिकॉनचं किंवा रबराला चालणारं ग्रीस, पातळ थर. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं की पिनांची रबरं फुगतात आणि कॅलिपर सरकत नाही. बॅन्जोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवे. बोल्टचा टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे.

डावा-उजवा बदलला तर कॅलिपर बसतो, पण निप्पल खाली जातो आणि हवेचा बुडबुडा वर अडकून राहतो. अशा वेळी कितीही ब्लीड करा, पेडल स्पंजीच. आम्ही तारेने पत्र्याची खूण बांधून देतो, ती जोडणी होईपर्यंत काढू नका. आणि गाडी हलवण्याआधी उभ्या जागीच पेडल चार-पाचदा दाबा, कडक लागेपर्यंत. पॅड डिस्कपासून दूर असतात, पहिला ब्रेक रिकामा जातो. काम करताना कोटिंगवर ब्रेक ऑईल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते पाण्यात विरघळतं.

आणताना हे सोबत असू द्या: कॅलिपर, ब्रॅकेट, पिस्टन, पिना, क्लिपा, आणि गाडीचं मॉडेल व वर्ष लिहिलेली चिठ्ठी, कारण एकाच गाडीच्या दोन वर्षांत सील किट वेगळं निघतं. तेल निथळू द्या, पण रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊ नका, ते छिद्रांत बसतं. प्लास्टिकच्या दोन पिशव्या करा, डावी आणि उजवी. सील खाचेतून काढायची भीती वाटत असेल तर राहू द्या. स्क्रू ड्रायव्हरने खाच खरवडण्यापेक्षा ते बरं, आणि पिस्टन बाहेर असला की आमचं ते दोन मिनिटांचं काम आहे.

पिस्टन काढून आणलेल्या जोडीला चार दिवस लागतात. पिस्टन आत असला तर एक आठवडा, आणि काढण्याचे वेगळे पैसे. गाडी तेवढे दिवस घोड्यांवर राहणार असेल तर येण्याआधी फोन करा. भट्टीचा दिवस ठरलेला असतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी कॅलिपर आमच्याकडे हिंगण्याला पोहोचले तर एक दिवस वाचतो.