उद्गम खडकांतील नैसर्गिक भेगा

खनिज तेल व नैसर्गिक वायू ज्या कार्बनी द्रव्याने समृद्ध खडकांत (मुख्यतः शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पातळ थरांच्या खडकात) तयार होतात, त्यांत निसर्गतः पडलेल्या भेगा. शेलची पार्यता (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) अत्यल्प, बहुधा नॅनोडार्सीच्या (डार्सी या पार्यतेच्या एककाच्या अब्जांशाच्या) घरात असते. त्यामुळे तेल अशा खडकाबाहेर पडते कसे, म्हणजे त्याचे प्राथमिक स्थलांतर कसे होते, हा खनिज तेल भूविज्ञानातील जुना प्रश्न आहे.

भेगांच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार घन केरोजेनाचे (खडकातील अविद्राव्य कार्बनी द्रव्याचे) तेल व वायू झाले की आकारमान वाढते. निचऱ्याला वाट नसल्याने छिद्रदाब (खडकाच्या छिद्रांतील द्रवाचा दाब) चढतो आणि तो किमान प्रतिबल (खडकावर सर्व दिशांपैकी सर्वांत कमी असलेला दाब) व खडकाचे ताणबल (ताण सोसण्याची शक्ती) यांच्या बेरजेहून अधिक झाला की खडक फाटतो. तेल निसटल्यावर दाब उतरून भेग मिटते आणि पुढे हेच पुन्हा घडते. भूवैज्ञानिक माइसनर यांनी १९७८ मध्ये विलिस्टन द्रोणीतील (उत्तर अमेरिकेतील गाळाने भरलेला खोलगट प्रदेश) बाकन शेलविषयी हे मत मांडले. जेथे शेलची विद्युत् रोधकता वाढते, म्हणजे छिद्रांतील पाण्याची जागा तेलाने घेतलेली असते, तेथेच दाबही असामान्य आढळतो, हा त्यांचा मुख्य आधार. त्याआधी भूवैज्ञानिक मरे यांनी १९६८ मध्ये त्याच द्रोणीतील सॅनिश थरातील भेगांचा संबंध थरांच्या वक्रतेशी लावला होता. दोन्ही कारणे एकत्र असू शकतात. मात्र वळ्यांपासून (थर वाकलेल्या भागांपासून) दूरच्या भेगांचा उलगडा दाबाच्या मताने अधिक चांगला होतो. तेल केरोजेनाच्या सलग जाळ्यातूनच झिरपते हे तिसरे मत केरोजेन विपुल असलेल्या खडकांपुरतेच लागू पडावे.

पुराव्याबाबत सावधगिरी हवी. विहिरीतून खडकाच्या गाभ्याचा (दंडगोलाकार) नमुना वर आणताना भार उतरल्यानेही भेगा पडतात. म्हणून खनिजांनी भरलेल्या भेगा अधिक विश्वसनीय ठरतात. अर्जेंटिनातील व्हाका मुएर्ता शेलमध्ये (उत्तर जुरासिक ते पूर्व क्रिटेशस) थरांना समांतर अशा तंतुमय कॅल्साइटाच्या शिरा असून त्यांत बिट्युमेन (डांबरासारखे द्रव्य) व हायड्रोकार्बनांची अंतर्वेशने (स्फटिकात अडकलेले सूक्ष्म कण) सापडतात. तेल बनत असतानाच या भेगा उघडल्या होत्या, याचा हा सबळ संकेत होय. याउलट टेक्सासमधील बार्नेट शेलमधील बहुतेक भेगा कॅल्साइटाने बुजलेल्या आहेत. भेग दिसली म्हणजे वाट खुली आहे असे नव्हे. तथापि कृत्रिम द्रवदाबाने अशा भेगा पुन्हा उघडू शकतात.

भारतात खंबायत द्रोणीतील खंबायत शेल हा प्रमुख उद्गम खडक मानतात. मुंबई हायचे तेल (शोध १९७४) मुख्यतः मायोसीन चुनखडकात असले, तरी त्याचा उगम सामान्यतः पॅलिओसीन-इओसीन काळातील पन्ना शैलसमूहात मानला जातो.