लेक सासरी गेली म्हणून सुटत नाही

वडील अंथरुणाला खिळले, केअर सेंटरचं बिल दरमहा येऊ लागलं, की नातेवाइकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "लग्न झालेल्या मुलीवर कायद्याने जबाबदारी नसते, मुलांनीच बघायचं." हे खोटं आहे, आणि आजचं नाही.

कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीने हाच बचाव मांडला होता. वडिलांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ साली निकाल लागला: विवाहित मुलगीही बांधील आहे. मात्र वडील स्वतःचा खर्च भागवू शकत नसावेत आणि मुलीचं स्वतःचं पुरेसं उत्पन्न असावं. जावयाचा पगार यात धरायचा नाही. सासरी धास्ती घ्यायचं कारण नाही. हीच तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं सगळेच येतात. औषधोपचारही 'निर्वाह' या व्याख्येत बसतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. अडचण इतकीच, की तिथे कमाल दहा हजार रुपये महिना मिळतात. पुण्या-मुंबईत केअर सेंटरचं बिल सहसा त्याहून मोठं असतं. कलम १४४ मध्ये अशी मर्यादा नाही.