कूस बदलणे (शय्याव्रण टाळण्यासाठी)

अंथरुणाला खिळलेल्या, स्वतःहून हलता न येणाऱ्या पेशंटची कूस ठरावीक वेळाने, रूढ नियमानुसार दर दोन तासांनी, बदलून देणं, हे नर्सिंगमधलं अगदी पायाचं काम. माकडहाड, खुबा, घोटा, टाच अशा हाडाच्या उंचवट्यांवर सतत भार राहिला की तिथलं रक्त अडतं, कातडी आणि खालचं मांस मरतं आणि शय्याव्रण, म्हणजे सगळे म्हणतात तो बेडसोर होतो. घाम-लघवीची ओल असेल किंवा पेशंट खाली घसरताना कातडी ओढली जात असेल तर आणखी लवकर.

हे नेमकं कशामुळे यावर १९व्या शतकात वाद होता. पॅरिसचे मज्जातंतूंचे डॉक्टर शार्को यांचं म्हणणं, मज्जारज्जूला इजा झाली की कातडीचं पोषण सांभाळणाऱ्या नसाच बिघडतात, म्हणजे जखम जवळपास अटळच. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी मात्र त्याआधीच, १८५३च्या सुमाराला, गिनीपिगवर दाखवलं होतं की दाब आणि ओल टाळली तर मज्जारज्जू तुटलेला असूनही जखम होत नाही. नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्ये सरळच लिहिलं की बेडसोर झाला तर दोष बहुधा आजाराचा नाही, शुश्रूषेचा. पुढचे पुरावे बघता शार्कोंची बाजू लंगडीच वाटते.

आता दोन तासच का? कोणी हा नियम क्रिमियाच्या युद्धापर्यंत मागे नेतात, सगळ्या जखमींच्या कुशी बदलत वॉर्डची एक फेरी पुरी व्हायला दोन तास लागायचे म्हणून, पण ही सांगोवांगीच दिसते. जास्त पटणारं नाव डॉ. लुडविग गुटमान यांचं, १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला त्यांनी मणक्याच्या पेशंटचा वॉर्ड सुरू केला आणि दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त लावली. प्रयोगाचा आधार नंतर आला: १९५९ मध्ये कोसिआक या संशोधकाने कुत्र्यांवर दाखवलं की दाब जितका जास्त तितका जखम व्हायला कमी वेळ पुरतो. यापलीकडे दाब गेला की रक्त अडतं अशी मर्यादा म्हणून ३२ मिमी पाऱ्याचा दाब सांगतात, तो आकडा मुळात लँडिस या संशोधकाचा, १९३०चा, आणि मोजलेला नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत, त्यामुळे कुल्ल्याला तोच लावणं जरा धाडसाचंच.

आता गादीचाही हिशोब धरतात. अमेरिका-कॅनडातल्या ९४२ वृद्धाश्रमवासीयांवरच्या, २०१३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात चांगल्या फोमच्या गादीवर दर २, ३ किंवा ४ तासांनी कूस बदलली तरी विशेष फरक दिसला नाही. म्हणून वेळ पेशंट बघून ठरवतात, त्यासाठी नॉर्टन (१९६२) किंवा ब्रेडन स्केल, म्हणजे बेडसोरचा धोका गुणांत मोजायचे तक्ते, वापरतात, ब्रेडनमध्ये ६ ते २३ गुण आणि १८ किंवा कमी म्हणजे धोका.

आपल्याकडे स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळणं हा बॅक केअरचा जुना भाग, पण लाल झालेल्या जागी चोळू नये, आतलं मांस आणखी दुखावतं. सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही, तिथे हात लावून गरम, कडक किंवा भुसभुशीत लागतंय का ते बघायचं. एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं सुटत नाही, हे घरी पेशंट सांभाळणाऱ्यांना सिस्टरांनी मुद्दाम सांगावं लागतं. बसायची गोल रिंगही टाळतात, कडेला दाब वाढतो. कुशीवर वळवताना पूर्ण कुशीवर न टेकवता साधारण ३० अंश तिरकं ठेवून पाठीला उशी लावतात, आणि टाचेसाठीची उशी पोटरीखाली घालतात, टाच अधांतरी राहील अशी.