एक्सल मोडत नाही हो, पण गळतो त्याचं काय?

साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचं मला व्यसन आहे. त्यात ठरलेली गोष्ट म्हणजे इंजिन मोठं टाकलं की मागचा एक्सल (मागची चाकं फिरवणारा आस) पण दणकट करायचा, जाड शाफ्ट, नवीन बेअरिंग, हाऊसिंगला (शाफ्टभोवतीच्या लोखंडी कवचाला) मागून पट्टी वेल्ड, सगळं. आणि मग दोन-चार एपिसोडनंतर तोच पठ्ठ्या मागचं चाक काढून बसलेला असतो, ब्रेकच्या ड्रममध्ये तेल, ब्रेक लायनर भिजलेले, आणि म्हणतो काय तर सील, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारं रबरी कडं, बोगस निघालं. आपल्याकडे गॅरेजमध्ये पण हेच वाक्य. दहातल्या बऱ्याच वेळा बिचाऱ्या सीलचा काही दोष नसतो, म्हणून हा लेख.

या मंडळींचा लाडका एक्सल म्हणजे फोर्डचा ९ इंची. १९५७ च्या मॉडेलपासून १९८६ पर्यंत तो कुठल्या ना कुठल्या फोर्ड गाडीत यायचा. ९ इंच म्हणजे क्राऊन व्हीलचा, आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा, व्यास. याचं डिफ (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा संच) पुढच्या बाजूने अख्खं बाहेर येतं, मागे झाकण नाहीच, म्हणजे झाकणाच्या गास्केटमधून गळायचा प्रश्नच मिटला. क्राऊन व्हीलला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, म्हणजे टेल पिनियनला, पण दोनाऐवजी तीन बेअरिंगचा आधार.

ताकदीचं गणित सोपंय, पटकन उरकतो. शाफ्ट पिळवटला जातो तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेला येतो, म्हणून ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. २८ स्प्लाइनचा, म्हणजे टोकाला २८ दाते असलेला, शाफ्ट साधारण ३० मिमी, ३१ चा ३३ आणि ३५ चा ३८ मिमी. स्टील तेच धरलं तर ३० वरून ३३ वर गेलात की ताकद एक तृतीयांशाने वाढली, ३८ वर गेलात की जवळपास दुप्पट. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला ३१ भरपूर झाले, ३५ ड्रॅग रेसवाल्यांसाठी, बाकीच्यांसाठी मिरवायला.

आता सील, माझा आवडता विषय.

आपण समजतो की रबराचा ओठ, म्हणजे सीलची आतली पातळ कडा, शाफ्टला घट्ट दाबून बसतो आणि तेल अडवतो. तसं खरंच असतं तर ओठ काही तासांत जळून गेला असता. जर्मनीत फ्रॉइडेनबर्ग म्हणून मुळात चामडं कमावणारी कंपनी, तिथल्या वाल्टर सिमर यांनी १९२९ च्या सुमारास शाफ्टसाठी चामड्याचं सील काढलं, १९३६ मध्ये त्यात सिंथेटिक रबर आलं. पण ते चालतं कसं हे कळायला बराच वेळ गेला. १९५७ मध्येच, म्हणजे फोर्डचा हा एक्सल आला त्याच साली, ब्रिटनमध्ये ई. टी. जॅगर यांनी दाखवलं की शाफ्ट फिरताना ओठ आणि शाफ्ट यांच्यात तेलाचा एक पातळ थर असतो, मायक्रॉनमध्ये मोजावा इतका. म्हणजे फट आहे, फटीत तेल पण आहे, तरी गळत नाही!

गंमत पुढे आहे. ओठाच्या दोन्ही बाजूंचा उतार सारखा नसतो, तेलाकडची बाजू जास्त उभी असते आणि हवेकडची तिरपी. त्यामुळे दाबाचं शिखर मधोमध न येता तेलाच्या बाजूला सरकतं. शाफ्ट फिरला की तो रबराला आपल्याबरोबर ओढतो, आणि दाब जिथे जास्त तिथे रबर जास्त ओढलं जातं, कडेला कमी. मग रबरावरचे बारीक खडबडीत उंचवटे तिरके होतात, शिखराच्या एका बाजूला एका दिशेने, दुसऱ्या बाजूला उलट. फरशीवर वायपर तिरका धरून ओढला की पाणी कसं एका बाजूला सरकत जातं, तसे हे उंचवटे तेल ढकलतात. दोन्ही बाजूंचे वायपर एकमेकांविरुद्ध लढतात, पण हवेकडचा पट्टा रुंद, म्हणून तोच जिंकतो आणि तेल परत आत जातं. थोडक्यात सील हा एक छोटासा पंप आहे. खरं वाटत नसेल तर सील उलटं बसवा, तेल इमानदारीत बाहेर काढून देईल.

हे कळलं की गळतीची खरी कारणं दिसायला लागतात. शाफ्टचा पृष्ठभाग ०.२ ते ०.८ मायक्रॉन इतका खडबडीत हवा, अगदी आरसा पण नको, कारण मग तेलाला धरायला जागा राहत नाही. आणि लेथवाल्याने एमरी पेपर कडेकडेने सरकवत पॉलिश मारलं तर शाफ्टवर डोळ्याला न दिसणारे आटे पडतात, तो झाला दुसरा पंप. मग एकाच माणसाने बनवलेल्या दोन शाफ्टपैकी डावा गळतो आणि उजवा कोरडा, कारण फिरायची दिशा उलटी, आणि मालक म्हणतो गाडीला नजर लागली. ट्रकच्या मागे काळी चप्पल लटकवणाऱ्यांना मी काही बोलत नाही, पण तिने शाफ्टवरचे आटे जात नाहीत. गळती थांबवणारं म्हणून बाटलीतून विकतात ते पण रबर फुगवून चार दिवस ढकलतं इतकंच.

दुसरं कारण म्हणजे मजबुतीचीच वेल्डिंग. हाऊसिंगच्या मागे पट्टी वेल्ड केली की थंड होताना धातू आकसतो आणि दोन्ही टोकांना मागे खेचतो. शाफ्टभोवतीची हाऊसिंगची ट्यूब वाकली की शाफ्ट सीलच्या मध्यावर राहत नाही, ओठ एका बाजूला दबलेला, दुसऱ्या बाजूला उघडा. म्हणून वेल्डिंगनंतर सरळ बार आत घालून ट्यूब तपासायलाच हवी.

तिसरं कारण ब्रीदर, म्हणजे हाऊसिंगमधली हवा आत-बाहेर जायला ठेवलेलं बारीक भोक, तुंबणं. बंद हाऊसिंगमधली हवा ३० वरून ९० अंशांवर गेली की दाब साधारण २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दोन मीटर पाण्याच्या खांबाइतका, आणि हा सगळा त्या नाजूक ओठावर. जुन्या फोर्डच्या बऱ्याच एक्सलवर ब्रेक लाइनचा टी धरणारा बोल्टच पोकळ असतो, तोच ब्रीदर. रिस्टोर करताना लोक तिथे चकाचक नवीन साधा बोल्ट लावतात, झालं कल्याण. आपल्या पावसाळ्यात तर उलटंही होतं, तापलेला एक्सल साचलेल्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खालीच असेल तर पाणी आत, तेल दुधाळ. म्हणून जीपवाले ब्रीदरला पाइप लावून वर नेतात, ते शहाणपणाचं काम.

जुन्या शाफ्टवर सीलने चरा पाडला असेल तर नवीन सील एक-दोन मिमी पुढेमागे बसवा म्हणजे ओठाला ताजी जागा मिळते, किंवा पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा. शाफ्ट आत घालताना त्याचं वजन सीलवर टेकू द्यायचं नाही, खालून हाताने उचलून धरायचा, कारण ३५ च्या जाड स्प्लाइन ओठाच्या अगदी जवळून जातात आणि एक ओरखडा पुरतो. ओठाला आधी थोडं तेल लावा, कोरडा चालवू नका. सुरुवातीला ओठ बसेपर्यंत नुसता ओलसरपणा दिसला तर लगेच खोलाखोली नको, थेंब पडायला लागले तर मात्र चाक काढायच्या आधी ब्रीदरमध्ये फुंकर मारून बघा.