स्ट्राइकआउटचा हिशेब: पिचरच्या हातात नेमकं किती?

२००६च्या हंगामात बेसबॉलच्या अमेरिकन लीगमधल्या दोन स्टार्टिंग पिचरची (सामन्याची सुरुवात करणाऱ्या गोलंदाजांची) जय-पराजयाची नोंद अगदी सारखी होती: १९ विजय, ६ पराभव. मिनेसोटा ट्विन्सच्या योहान सान्तानाने २४५ स्ट्राइकआउट घेतले होते, म्हणजे इतक्या वेळा बॅटरला (फलंदाजाला) तीन स्ट्राइकवर, चेंडू मैदानात मारू न देता बाद केलं होतं. न्यूयॉर्क यँकीजकडून खेळणाऱ्या तैवानच्या वांग चिएन-मिंगने २१८ इनिंग (डाव) टाकून घेतले फक्त ७६. साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान, सान्तानाला एकमताने मिळाला आणि वांग दुसरा आला. वांगचा सिंकर नावाचा चेंडू शेवटच्या क्षणी खाली बसायचा, बॅटर तो जमिनीवर मारायचे आणि इन्फिल्डमधले (आतल्या मैदानातले) खेळाडू उरलेलं काम करायचे. आउट तर आउटच, मग तो कसा झाला याला एवढं महत्त्व का?

बेसबॉलमध्ये हा प्रश्न बराच उशिरा पडला. सुरुवातीच्या काळात बॅटरला मारता येईल असा चेंडू देणं हेच पिचरचं काम होतं. न मारता सोडलेल्या चांगल्या चेंडूला पंचाने स्ट्राइक म्हणावं हा नियमच १८५८चा. नॅशनल लीगने १८८४ मध्ये खांद्यावरून फेकायला परवानगी दिली आणि चित्र पालटलं. १८८६ मध्ये बाल्टिमोरच्या मॅट किलरॉयने ५१३ स्ट्राइकआउट घेतले. तो आकडा आजही एका हंगामातला सर्वोच्च आहे, पण तेव्हा पिचर बॅटरपासून ५० फुटांवर उभा राहायचा. ६० फूट ६ इंचांचं आजचं अंतर १८९३ मध्ये आलं, त्यामुळे किलरॉयचा विक्रम वेगळ्याच खेळातला मानलेला बरा.

पुढे बराच काळ बॅटर स्ट्राइकआउट टाळण्यासाठीच खेळायचे. बॅट वर सरकवून धरायची आणि कसंही करून चेंडूला लावायची. ३,००० स्ट्राइकआउटचा टप्पा वॉल्टर जॉन्सनने १९२३ मध्ये ओलांडला. दुसरा पिचर, बॉब गिब्सन, तिथे पोहोचला थेट १९७४ मध्ये. मधल्या काळात मोठ्या फटक्यांसाठी गाजलेल्या बेब रूथने स्ट्राइकआउटची लाज कमी केली होती. होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, हवे असतील तर अधूनमधून हवेत बॅट फिरणारच. १९६८ मध्ये पिचरचा वरचष्मा इतका झाला, गिब्सनचा ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे (म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे) क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून दिलेल्या धावांची सरासरी १.१२ इतकी खाली आली, की पुढच्याच वर्षी माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणावी लागली.

नोलन रायन या वादाच्या दोन्ही बाजूंना साक्षीदार म्हणून उभा करता येतो. ५,७१४ स्ट्राइकआउट, सात नो-हिटर (समोरच्या एकाही बॅटरला फटक्यावर बेस गाठू न दिलेले सामने), आणि तरीही ३२४ विजयांपुढे २९२ पराभव. साय यंग पुरस्कार एकदाही नाही. १९८७ मध्ये ह्यूस्टनकडून खेळताना नॅशनल लीगमध्ये सर्वात कमी ईआरए त्याचा, सर्वाधिक स्ट्राइकआउट त्याचे, आणि नोंद ८ विजय, १६ पराभव! स्ट्राइकआउटने सामने जिंकता येत नाहीत म्हणणारे हाच दाखला देत. मला तो उलट्या बाजूचा वाटतो. संघाने त्याच्यासाठी धावाच काढल्या नाहीत, त्यात स्ट्राइकआउटचा काय दोष? रायनचा खरा दोष वेगळा होता: कारकिर्दीत त्याने २,७९५ वॉक दिले, म्हणजे इतक्या वेळा चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला पहिला बेस फुकट दिला.

दुसरा धागा टिकण्याचा. ऐंशीच्या दशकात बिल जेम्स हे विश्लेषक मांडत होते की कमी स्ट्राइकआउट घेणारे पिचर फार काळ टिकत नाहीत. डेट्रॉइटच्या मार्क फिड्रिचचं उदाहरण डोळ्यांपुढे होतं. १९७६ मध्ये १९ विजय, २.३४ ईआरए, पण २५० इनिंगमध्ये ९७च स्ट्राइकआउट. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत मिळून विजय २९. अर्थात आधी गुडघा आणि मग खांदा गेला, त्याचं खापर स्ट्राइकआउटच्या आकड्यावर फोडणं अन्यायाचं होईल.

खरी खळबळ उडाली ती २००१ मध्ये. व्होरोस मॅक्क्रॅकन या हौशी अभ्यासकाने दावा केला की होमरन सोडून जे चेंडू मैदानात मारले जातात, त्यातले किती हिट ठरतील, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देतील, यावर पिचरचं नियंत्रण जवळजवळ नसतंच. त्याच्या हातात असतात स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन. बाकी क्षेत्ररक्षण आणि नशीब. लोक हसले, मग आकडे तपासू लागले. पेद्रो मार्तिनेझच्या बाबतीत मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी १९९९ मध्ये ३२ टक्क्यांच्या आसपास हिट झाले, २००० मध्ये २४ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही वर्षी तो जगातला सर्वोत्तम पिचर होता. क्रिकेटमध्ये त्रिफळा उडाला की श्रेय गोलंदाजाचं, आणि स्लिपमध्ये झेल गेला की त्यात क्षेत्ररक्षकाचाही वाटा, हे आपण जाणतोच. मॅक्क्रॅकनने तो वाटा मोजायला घेतला. नंतर टॉम टिपेटसारख्या अभ्यासकांनी दाखवलं की दावा जरा ताणलेला होता. नकलबॉल (जवळजवळ न फिरता हवेत डोलणारा चेंडू) टाकणाऱ्यांना, काही चतुर डावखुऱ्यांना थोडं नियंत्रण असतं. डावखुऱ्या टॉम ग्लॅव्हिनने नऊ इनिंगमागे पाच-साडेपाचच स्ट्राइकआउट घेऊन ३०५ सामने जिंकलेच की. पण गाभा टिकला. बॅटरसाठी स्ट्राइकआउट हा इतर आउटपेक्षा फारसा महाग नसतो, कारण जमिनीवरच्या फटक्यात डबल प्लेचा (एकाच फटक्यावर दोघे बाद होण्याचा) धोका असतो. पिचरसाठी मात्र तो मोलाचा, कारण पुढच्या वर्षी पुन्हा मिळण्याची खात्री त्याचीच सर्वात जास्त.

वांगने २००७ मध्येही १९ सामने जिंकले. जून २००८ मध्ये ह्यूस्टनला बेसवरून धावताना त्याचा पाय दुखावला आणि २००९ मध्ये त्याचा ईआरए ९.६४ झाला. सिंकरची धार गेल्यावर हाताशी दुसरं हत्यार नव्हतं.

मधल्या काळात स्ट्राइकआउट स्वस्त झाले. २००५ मध्ये प्रत्येक संघाचे सामन्यामागे सरासरी सव्वासहा स्ट्राइकआउट होत, २०१९ मध्ये पावणेनऊ. २०१८ मध्ये तर मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. म्हणून आता नुसता आकडा कुणी फारसा पाहत नाही. सामना केलेल्या बॅटरपैकी किती टक्के स्ट्राइकआउट झाले, त्यातून वॉकची टक्केवारी वजा करतात आणि उरलेल्या फरकावर पिचरचा भाव ठरतो.